मोडीतली दौलत

दसरा उलटला की मोडीवाल्याचे दिवस येतात. घरोघर माळे झाडले जातात, फडताळे रिकामी होतात, आणि वर्षभर कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या वस्तू ओसरीवर येऊन उन्हाला बसतात. बूड गेलेला बंब, झाकण हरवलेला पानाचा डबा, एका अंगाला कललेली समई, कुणा पणजीच्या लग्नातले पिचके घंगाळ. संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे तागडीत पडलेले असते. तागडी मोठी न्यायी खरी. पण तिचा न्याय एकाच कलमाचा. घंगाळात किती नवजात बाळांनी पहिली आंघोळ केली हे तिला ठाऊक नसते, की ते ठोकून घडवणाऱ्या तांबटाचे टोले तिला ऐकू येत नाहीत. ती फक्त वजन सांगते.

या तागडीची मला नेहमीच थोडी धास्ती वाटत आली आहे. मी काही संग्राहक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गोदाकाठच्या एका खेड्यात मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर तो मी! जुन्या चिजा विकत घेण्याची ऐपत नाही, आणि ऐपत असती तरी दोन खोल्यांच्या घरात त्या ठेवायच्या कुठे? “अगोदर तुमच्या कादंबऱ्यांचे गठ्ठे कुठे ठेवायचे ते सांगा,” असे आमच्या घरातून विचारण्यात येते. पण पाहायला जागा लागत नाही. सुटी लागली की एखादे वस्तुसंग्रहालय गाठावे, काचेला नाक लावून उभे राहावे आणि पहारेकरी खाकरेपर्यंत हलू नये, हा माझा कित्येक वर्षांचा शौक आहे.

जुन्या वस्तूंत एवढे काय असते, असे मला पुष्कळजण विचारतात. सौंदर्य म्हणावे, तर नव्या वस्तूही सुंदर असतातच. वय म्हणावे, तर नदीतला कुठलाही गोटा राजवाड्यातल्या सिंहासनाहून वडील आहे. पण त्याच्यापाशी आपण थबकत नाही. मला वाटते, आपण थबकतो ते माणसाच्या हाताची खूण दिसते म्हणून. कुणीतरी कधीतरी काही ठरवले, आणि ते ठरवणे त्या वस्तूवर उमटून राहिले. माणूस गेला, त्याचे नाव गेले, त्याची भाषासुद्धा गेली. पण त्याचा तो एक निर्णय अजून तळहातावर घेऊन पाहता येतो.

याचा मला सापडलेला सर्वांत सुंदर दाखला नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचा. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक. सगळी क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच एका राजाचे ठसे वरून मारलेले होते. हा दुसरा राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाचा पराभव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनीचे चिन्ह ठोकून दिले. नहपानाचा चेहरा पूर्ण पुसला गेला नाही. कुठे नाक उरले, कुठे कान, कुठे ग्रीक अक्षरांची ओळ. एकाच नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला असे दोघे राजे दाटीवाटीने राहत आहेत.

हा धडा मी वर्गात घेतो तेव्हा मुलांना विचारतो, “राजाने नाणी वितळवली का नाहीत रे?” एकदा एक मुलगा म्हणाला, “घाई असेल, गुरुजी.” मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “वितळवली असती तर कोण हरलं ते लोकांना कसं कळलं असतं?” दोघांपैकी कुणाला खोडून काढावे? एकाने राजाची तिजोरी पाहिली, दुसरीने त्याचे मन पाहिले. नाशिकच्याच पांडवलेण्यांत राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातवाच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिने तो कोरवला आणि आपल्या मुलाने नहपानाच्या घराण्याचा कसा निःपात केला ते त्यात अभिमानाने सांगितले. आईने दगडावर जे सांगितले, त्याला चांदीने साक्ष दिली. इतिहासात असा योग क्वचितच येतो.

कादंबरीकाराच्या दृष्टीने जुन्या वस्तूंचा आणखी एक गुण आहे. त्या माणसाला खोटे बोलू देत नाहीत. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा सापडला आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. त्या साठ्यात भांडी होती, आरसा होता, हत्तीवर बसलेली माणसे होती, आणि या सगळ्या घरगुती मंडळींत एक परदेशी पाहुणा उभा होता. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन! मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ती मी प्रथम पाहिली तेव्हा माझी लेखणी लगेच शिवशिवू लागली. घरापासून दूर पडलेला एक यवन व्यापारी, पंचगंगेचा पूर, समुद्राची आठवण... चार प्रकरणे तिथल्या तिथे उभी राहिली.

पण मूर्तीकडे पुन्हा पाहिले आणि ती चारही प्रकरणे मिटली. यवन व्यापारी कोल्हापुरात राहत होता असे ती मूर्ती कुठे म्हणते? ती इतकेच म्हणते, की मी समुद्रापलीकडून आले आणि इथे कुणीतरी मला जपून ठेवले. ठेवणारा इथलाच एखादा हौशी माणूस असेल. त्याला हा देव कोणता हेही ठाऊक नसेल. कदाचित आरशाशेजारी शोभेला म्हणून त्याने तो मांडला असेल. आपल्या दिवाणखान्यात चिनी बाहुली असते तशी! ‘असेल’ या शब्दाच्या पुढे ती वस्तू मला जाऊ देईना. कादंबरीत मी शेकडो ‘होता’ बिनदिक्कत लिहितो. त्या चिमुकल्या देवाने मला ‘असेल’ लिहायला शिकवले.

आणि जे तिकडून इकडे आले तसेच इकडून तिकडेही गेले. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखी इ. स. ७९ मध्ये उसळला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्री सापडली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी, उंची सुमारे २५ सेंटिमीटर. शोधणाऱ्यांनी तिला लक्ष्मी म्हटले आणि ते नाव तिला चिकटले. पुढच्या अभ्यासकांना ती यक्षी असावी असे वाटले. तिच्या डोक्यात वरून भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असेल, असे तर्क आहेत. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. ती नेमकी कुठे घडली याबद्दल पंडितांत वाद आहे. पण तशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रिया आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवले आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव लागते आणि तिथले कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदरात येते. ज्या गावात आपण गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो, त्याच गावचे कापड रोमच्या बाजाराकडे निघत होते, हे मनात आले की एस. टी.तून दिसणारी ती साधी शेतेसुद्धा निराळी वाटू लागतात. तिथल्या पांढरीच्या मातीतून पावसाळ्यात उघड्या पडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तिथल्याच एका व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांतूनच तेरचे संग्रहालय उभे राहिले. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांच्याच गावात एका माणसाने खापरे वाजवून पाहिली आणि दोन हजार वर्षांचा पक्का माल वेचून ठेवला.

मात्र असा वेचणारा प्रत्येक गावाला मिळत नाही. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी भोईवस्तीवरचा एक मुलगा होता. गोट्या खेळताना तो नेहमी जिंके, कारण त्याचा टोला गोटीचा नसून एका जड, काळपट चकतीचा असे. तक्रार माझ्याकडे आली. मी चकती हातात घेतली आणि अंगठ्याने मळ पुसला. सोंड उंचावलेला हत्ती दिसला. दुसऱ्या अंगाला, एकमेकांना जोडलेली चार वर्तुळे, म्हणजे तेच उज्जयिनीचे चिन्ह. सातवाहनांचे शिशाचे नाणे होते ते.

संध्याकाळी मी वस्तीवर गेलो. मुलाचे वडील अंगणात जाळे दुरुस्त करत होते. पुरानंतर नदीच्या वळणावरची दरड कोसळली की अशा चकत्या मिळतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. त्यांचे वडीलही त्या वेचून आणत. शिसे चांगले असते. वितळवले की जाळ्याच्या कडेला लावायच्या गोळ्या होतात. मी त्यांना नाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती अगदी लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाले, “हत्ती हाय खरा, गुरुजी. पण हत्तीनं मासं धरता येत न्हाईत.”

यावर मी काय बोलणार? कुडावर जाळे वाळत पडले होते. त्याच्या कडेने शिशाच्या गोळ्या ओळीने लोंबत होत्या. त्या गोळ्यांत किती राजे विरघळले होते, याचा हिशेब आता कुणालाच देता येणार नव्हता. आणि त्या जाळ्यानेच तर त्या घरातली चार पोरे शाळेत येण्याजोगी झाली होती. इतिहासाचे प्रेम हे पोट भरलेल्या माणसाला परवडते, असे कुणी म्हटले तर त्याच्याशी भांडायला मला त्या अंगणात तोंड नव्हते. राजाने नाणे काढले ते तरी कशासाठी? बाजारात कुणाला मीठमिरची मिळावी म्हणूनच ना! दोन हजार वर्षांनी त्याच शिशाने कुणाला मासे मिळवून दिले.

तरीही दुसऱ्या आठवड्याच्या बाजारातून मी शिसे घेतले आणि पुन्हा वस्तीवर गेलो. भोईदादांनी गाडग्यातून न वितळवलेली अकरा नाणी काढली. मी त्यांना तेवढ्या वजनाचे शिसे दिले आणि ती नाणी त्यांच्याच हाताने सरकारकडे जावीत असे सुचवले. ते गप्प झाले. खरी अडचण शिशाची नव्हतीच. “सरकारला कळलं तर नदीत उतरू देणार न्हाईत,” ही त्यांची भीती होती. खेड्यापाड्यांत कित्येक वस्तू या एका भीतीपायी विहिरीत पडतात नाहीतर मुशीत जातात. मग मी त्यांना कायदा समजावून दिला. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. पण तो सापडवणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. सरकारला ठेवा हवा असला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा असे त्यात लिहिले आहे. आम्ही दोघे तालुक्याला गेलो. नाणी दिली, पोच घेतली. ती पोच भोईदादांनी शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

त्या अकरा नाण्यांहून मोलाची गोष्ट त्या दिवशी कचेरीत नोंदली गेली. ती म्हणजे जागा. नदीचे वळण, उंबराचे झाड, दरडीत किती खाली. वस्तू आपल्या जागेवरून उठली की तिची निम्मी वाचा जाते. कुठे, कशाशेजारी, किती खोल, एवढे ठाऊक असले तर साधे खापरही बोलते. नसले तर सोन्याचे नाणेसुद्धा तागडीतले सोने होऊन बसते.

अशा वेळी मला दायमाबादची आठवण होते. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी हे ठिकाण आहे. १९७४ मध्ये तिथे एक शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता आणि त्याच्या कुदळीला काशाची चार चित्रे लागली. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळी भरीव, मिळून ६० किलोंहून अधिक. त्यांच्या काळाबद्दल मतभेद असले, तरी ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची असावीत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. कुण्या कारागिराला तो तिथे हवासा वाटला! साठ किलोंवर धातू म्हणजे गरिबाच्या घरी केवढी रक्कम! पण ती चित्रे मुशीत गेली नाहीत. आज मुंबईच्या आणि दिल्लीच्या संग्रहालयांत ती पाहता येतात, आणि प्रवरेकाठी एके काळी गेंडा माणसाच्या ओळखीचा होता की काय, असा प्रश्न तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला पडतो.

पण दौलत काही केवळ राजांच्या आणि रथांच्या वस्तूंत नसते, हे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाइतके दुसरीकडे कुठे पटत नाही. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांच्या दुकानाचे मालक आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी जो संग्रह जमवला तो सुमारे २०,००० वस्तूंचा झाला, आणि १९७५ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यात तलवारी आणि चित्रे आहेतच; पण माणूस रेंगाळतो ते अडकित्त्यांपाशी, दिव्यांपाशी, दौतींपाशी, वजऱ्यांपाशी. गावोगावच्या फडताळांतून, ओसऱ्यांवरून, तागडीच्या तोंडातून सोडवलेल्या या वस्तू. एका बापाने आपले एक मूल गमावले आणि हजारो पोरक्या वस्तूंना घर दिले. त्या दालनांतून हिंडताना हे मनातून जात नाही.

तिथे मी एकदा सहकुटुंब गेलो होतो. धाकट्या मुलीला पितळेचे एक छोटे जनावर दिसले. “खेळणं!” ती म्हणाली. सौभाग्यवती हसली. “अगं, ही वजरी. पाय घासायची. माझ्या आजीकडे मोराची होती.” मग माझ्यापुढे होऊन तीच एकेक वस्तू मुलीला दाखवू लागली. ही फणी करंड्याची, हे शेवयांचे, हे गंध उगाळायचे. पाट्या वाचत मागून येणाऱ्या मला त्या दिवशी तिच्या तोंडून जे ऐकायला मिळाले, ते कुठल्याच पाटीवर नव्हते. बाहेर पडताना ती सहज म्हणाली, “आजीचा तो मोर कुठे गेला असेल हो?” त्यानंतर आमच्या घरी माळ्यावरची वस्तू मोडीत घालायची झाली, की ती काय होती, कुणाची होती आणि कशी वापरत, हे ती मुलीकडून एका वहीत लिहून घेते. वस्तू जाते ती जातेच. सगळ्याच कुठे ठेवता येतात? पण मुकी होऊन जात नाही.

वाचकहो, या दिवसांत तुमच्याही ओसरीवर तागडी येईल. तिला परत पाठवा असे मी म्हणणार नाही. फक्त घरातल्या सर्वांत वडील माणसाला, वस्तू तागडीत पडण्यापूर्वी, दोन प्रश्न विचारा. आणि लक्ष्मीपूजनाला पणत्या लावाल तेव्हा त्यांतली एक क्षणभर हातात घ्या. ओली माती चाकावरून उतरल्यावर वातीसाठी कुंभाराने एका बाजूला बोटाने दाबलेली असते. तिथे आपले बोट ठेवले की ते बरोबर बसते. जुन्या खापराच्या पणत्यांतही हीच दाबलेली चोच दिसते. पणती नवी आहे, बाजारातून आठ दिवसांपूर्वी आलेली आहे आणि तुळशीच्या लग्नानंतर ती फुटूनही जाईल. ते बोट मात्र फार जुने आहे.